पाऱ्याला हाडं नसतात

आमच्या गल्लीत घड्याळं नव्हती असं नाही, पण सकाळी त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही. आम्ही बघायचो आक्काच्या न्हाणीघराच्या धुराड्याकडे. काळा धूर निघाला म्हणजे भाऊने बंब नुकताच पेटवलाय, अजून एक कूस बदलून घ्या. करडा झाला, उठा, दात घासा. आणि पांढरट, सडपातळ, कमरेत जराशी वाकलेली रेघ वर चढली की टॉवेल खांद्यावर टाका, कपडे बगलेत मारा आणि चालू लागा, पाणी तयार.

घरं आमची दीड-दीड खोल्यांची. अंग धुवायला जागा काढायची तर चूल बाहेर न्यायला लागली असती. म्हणून सगळी गल्ली आक्काकडे. नऊ मोऱ्या, नऊ पितळी तोट्या, भिंतीआड मोठा हौद. दारातल्या खिडकीत आक्का बसायची, तिच्यापुढे नंबर ठोकलेले पत्र्याचे बिल्ले. बिल्ला घ्यायचा, आपल्या मोरीच्या दाराला अडकवायचा आणि दार लावून घ्यायचं. पुढची पंधरा मिनिटं माणूस राजा.

मोऱ्यांच्या खाली, सात पायऱ्या उतरून, बंबाची खोली होती. तिथे आक्काचा धाकटा भाऊ. गल्लीने त्याला भाऊच म्हटलं, त्याच्याहून मोठ्यांनीही. एकतीस वर्षं तो त्या लोखंडी राक्षसाच्या तोंडात कोळसा घालत होता आणि घालता घालता गात होता. त्याचं गाणं नळांतून चढायचं आणि आमच्या तोट्यांतून पाण्याबरोबर बाहेर पडायचं:

जाग रे जाग, लोखंडी बाळा,
तुझ्या तोंडी देतो कोळशाचा गोळा,
तुझिया पोटी तापू दे पाणी,
न्हाऊ दे सारा गल्लीचा गोतावळा.

साबण डोळ्यांत गेलेला असताना हे गाणं ऐकलं की झोंबायचं कमी. हे खरं आहे, कुणालाही विचारा.

भाऊला हसायला फार आवडायचं, आणि हसणं त्याला सोसायचं नाही. हसू सुरू व्हायचं छान, घुंगरं सांडल्यासारखं. मध्यावर आलं की फाटायचं आणि आतून खोकला निघायचा, असा की भाऊ भिंत धरायचा आणि आम्ही नजर दुसरीकडे वळवायचो. त्यामुळे गल्लीत एक नियमच पडून गेला होता. भाऊसमोर विनोद अर्धाच सांगायचा. शेवट आक्काच्या कानात सांगून ठेवायचा, म्हणजे ती त्याला दोन-तीन दिवसांत, तब्येत बघून, थोडा थोडा देईल. औषध द्यावं तसा. पण ती देत नसे. भावाच्या जिवावर बेतेल म्हणून सगळे शेवट तिने स्वतःपाशीच जपून ठेवले होते.

त्या हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंनी भाऊच्या छातीला नळी लावली, ऐकलं, परत ऐकलं, आणि नळी पुसून खिशात ठेवली. म्हणाल्या, "धूर किंवा श्वास. दोन्हींतलं एक ठेवा."

आक्काने घरी येईपर्यंत ठरवून टाकलं.

न्हाणीघराच्या अंगणात तिने गल्लीची बैठक बोलावली. एक यंत्र मिळतं, ती म्हणाली, बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घेतं आणि पाण्याला देतं. विजेवर चालतं. कोळसा नाही, धूर नाही.

"बाहेरच्या हवेत ऊब?" कुणीतरी टोपी कानांवर ओढत विचारलं. "मग आम्हाला ती कशी सापडत नाही?"

"तुम्ही शोधता कुठे," आक्का म्हणाली, "तुम्ही कुडकुडता."

शिंपीणबाई उठून उभ्या राहिल्या. हातात त्यांची कोळशाची इस्त्री होती, निखारे विझू नयेत म्हणून त्या ती घेऊनच आल्या होत्या. विजेच्या इस्त्रीने घडी बसत नाही, नुसती झोपते, असं त्यांचं मत. "मी पांढरा सदरा वाळत घालते आणि करडा काढते," त्या म्हणाल्या. "किती दिवस गिळायचा हा धूर? हवा काय एकट्या न्हाणीघराची आहे?" बोलण्याच्या भरात त्यांनी इस्त्री हवेत फिरवली, त्यातून दोन ठिणग्या उडाल्या आणि मास्तरांच्या पायताणावर पडल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या, मास्तरांनी पाय झटकला.

मास्तर म्हणजे शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनीही दोन शब्द सांगितले, त्याला चाळीस मिनिटं लागली. पृथ्वी तापते आहे, सुरुवात प्रत्येकाने स्वतःपासून करायला हवी, आणि मुख्य म्हणजे मोजमापावर विश्वास ठेवायला हवा. मग हात वर करायला सांगितले तेव्हा सगळ्यांनी केले. काहींनी दोन्ही केले. थंडीचे दिवस, तेवढाच अंगाला व्यायाम.

यंत्र बसवायला कंपनीची मिस्त्रीण आली. तरुण पोरगी, कमरेला पान्यांचा पट्टा. गल्लीने तिला यंत्रवाली म्हणायला सुरुवात केली. तिने अंगणात कपाटाएवढी एक पांढरी पेटी उभी केली, तिचा पंखा फिरू लागला, आणि बंबाच्या नळाला तिने झाकण ठोकलं. म्हणाली, "आक्का, महिनाभर वापरून बघा. महिना भरला की मी येईन. नको असेल तर पेटी घेऊन जाते, बंब होता तसा जोडून देते."

"पोरी, लोक आले तर हवंच आहे," आक्का म्हणाली. "नाही आले तर मी काय रिकाम्या मोऱ्या धुवत बसू? मग बंबच पेटवायला लागेल."

"आणि बंब म्हटला की मी," भाऊ म्हणाला. "दुसऱ्याच्या हाताने पेटत नाही तो. रुसतो."

आक्काने त्याच्याकडे नुसतं बघितलं. पण त्या दिवसापासून तिच्यासाठी त्या महिन्याचा अर्थ एवढाच होता. मोऱ्या भरल्या तर भाऊ वाचला.

पहिल्या सकाळी आम्ही सगळे उठून खिडकीत आलो. धुराड्यातून काही निघेना. आम्ही थांबलो. सात वाजले. समोरच्या खिडकीतही टॉवेल घेतलेली माणसं, वरच्याही. आठ वाजता आक्का रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"पाणी कधीचं तापलंय. वाट कुणाची बघताय?"

"धुराची," गल्ली म्हणाली.

"धूर येणार नाही. त्यासाठीच हात वर केले होते ना?"

हे आम्ही साफ विसरलो होतो. गेलो एकदाचे. बिल्ले घेतले, दारं लावली, तोट्या सोडल्या. वाफ नेहमीसारखीच उठली. पण अंगावर पाणी घेतलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. एका मोरीतून आवाज आला, "कोमट आहे का हो?" दुसरीतून, "मला वाटलं मलाच लागतंय." मग नऊच्या नऊ मोऱ्यांतून दातांवर दात वाजायला लागले. मास्तरांचे सगळ्यांत जोरात, कवळी होती ना.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःचा थर्मामीटर घेऊन आले. तोटीखाली धरला. बेचाळीस. बंबाच्या काळात चाळीसच्या वर कधी गेलं नव्हतं. त्यांनी थर्मामीटर झटकला, परत धरला. बेचाळीस.

"मग?" आक्काने विचारलं.

"आकडा बरोबर आहे," मास्तर कुडकुडत म्हणाले. "पण त्याला काय कळतंय? पाऱ्याला हाडं नसतात. ही ऊब वरवरची आहे, आक्का. बंबाची ऊब हाडांपर्यंत जायची."

झालं. हाडांची गोष्ट गल्लीत पसरली. जो तो आपली हाडं तपासू लागला. कुणी म्हणे साबणाला फेस धरत नाही. कुणी म्हणे केस वाळले तरी ओले वाटतात. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या की दुपारी चारनंतर आपण सकाळी आंघोळ केली होती हेच त्यांना आठवत नाही. आक्काने यंत्रवालीला बोलावलं, तिने एक खुंटी फिरवून पाणी चव्वेचाळीसवर नेलं. मास्तर मोरीतून बाहेर आले ते गाजरासारखे लाल होऊन, अंगातून वाफा निघत होत्या, आणि म्हणाले, "बघा, अजून कोमटच." यंत्रवालीने खुंटी परत बेचाळीसवर आणली.

एकेक करून लोक यायचे थांबले. घरच्या घरी स्टोव्हवर पाणी तापवून मोरीएवढ्या कोपऱ्यात अंग पुसू लागले. एका बंबाच्या जागी गल्लीत चाळीस स्टोव्ह भरभरायला लागले. त्यांचा धूर खिडक्याखिडक्यांतून निघायचा, पण तो कुणी मोजला नाही, कारण तो आपापला होता. आणि तांब्याभर पाण्यात माणूस न्हाऊन किती निघणार? दुसरा आठवडा संपेपर्यंत गल्लीत बोलताना लोक वाऱ्याची दिशा बघून उभे राहायला लागले.

भाऊला मात्र काय करावं कळेना. त्याला धुराजवळ जायची बंदी आणि आता धूरच नव्हता. तो अंगणात स्टूल टाकून पेटीसमोर बसायचा. तिला गाऊन बघितलं त्याने. जमेना.

"का रे?" आक्काने विचारलं.

"बंब धापा टाकायचा. एक धाप, एक ओळ. ही बया एकाच सुरात गुणगुणते, श्वासच घेत नाही. शिवाय ती झोपतच नाही, आक्का, तिला जाग रे जाग काय म्हणू?"

आक्का रोज सकाळी उठायची ती भाऊच्या खोकल्याने. इतकी वर्षं भिंतीपलीकडून तो ठरल्या वेळी यायचा, तिला दुसरं काही लागायचं नाही. महिन्याच्या दहाव्या दिवशी तिला जाग आली तर उन्हं अंथरुणावर आलेली. खोकला नाही. ती एका पायात चप्पल घालून पळाली. भाऊ उताणा पडला होता, तोंड उघडं. तिने त्याच्या नाकाशी हात धरला. भीतीने तिचाच हात बधिर झालेला, काही कळेना. भिंतीवरचा आरसा काढून धरला, तर त्यात तिचंच तोंड दिसलं आणि ते बघून तिला रडू फुटलं. त्या आवाजाने भाऊ जागा झाला.

"कोण गेलं?"

"तू."

"कधी?"

"आत्ता. झोपेत."

भाऊने जरा विचार केला. "मग जायच्या आधी चहा ठेव."

तिने चहा ठेवला. त्यात साखर दोनदा पडली. त्या दिवसापासून रोज सकाळी ती भिंतीला कान लावून पलीकडची शांतता ऐकायची, आणि मग खिडकीत येऊन बिल्ले बघायची. बिल्ले सगळे जागच्या जागी असायचे. एकही कमी नाही.

हे असंच चाललं असतं. पण सोळाव्या दिवशी न्हाणीघरामागच्या सुताराने ओला भुसा पेटवला. वारा नव्हता. भुशाचा धूर सरळ वर गेला, नेमका आक्काच्या धुराड्यामागून, पांढरट, सडपातळ, कमरेत वाकलेला.

आम्ही पळालो. अक्षरशः. कुणाच्या एका गालाला दाढीचा फेस, कुणाचा टॉवेल उलटा. खिडकीशी ही रांग. आक्का चकित होऊन बिल्ले देत सुटली. आतून आवाज येऊ लागले, "अहाहा", "हं, याला म्हणतात पाणी", आणि मास्तरांचा, समाधानाने भरलेला, "पोचली. हाडांपर्यंत पोचली."

पाणी तेच होतं. बेचाळीस.

आक्काने बाहेर येऊन वर बघितलं, सुताराकडे बघितलं, आणि भाऊकडे बघितलं. भाऊ स्टुलावरून आधीच उठला होता. एकतीस वर्षांत त्याचे डोळे असे चमकलेले तिने बघितले नव्हते.

"धूर हवाय त्यांना," तो म्हणाला.

"एक काडी ओढलीस तर याद राख."

"काडी कशाला? मोऱ्यांची वाफ छताच्या झरोक्यांतून वाया जाते. ती पन्हाळ्याने धुराड्यात सोडली तर? थंडीत वाफ आणि धूर, लांबून कोण ओळखणार? मी ओळखीन, पण मी काय आंघोळीला येतो?"

दोन दिवस भाऊ आणि यंत्रवाली पत्रे वाकवत होते. पन्हाळं झरोक्यापासून निघालं आणि बंबाच्या तोंडाला न शिवता वरच्या वर धुराड्यात शिरलं. बंबाच्या खोलीत एक झडप बसवली, तिची दोरी भाऊच्या हातात. एकोणिसाव्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच एका मोरीत तोटी सोडली, वाफ धरली आणि झडप उघडली. किती जाड, किती बारीक, कुठे वाकवायची, हे जगात एकट्या त्याला माहीत होतं. ती वर गेली. गल्लीने खिडक्या उघडल्या.

"कोळसा चांगला आलेला दिसतोय," समोरचे म्हणाले, "धूर बघा कसा स्वच्छ."

आणि तोट्यांतून, तीन आठवड्यांनी, गाणं आलं:

पाण्याचा पदर वाऱ्याने नेला,
धुराचं नाव घेऊन मिरवून आला,
वरचं ते खोटं, खालचं ते खरं,
ऊन ऊन पाणी घ्या हो अंगाला.

गाण्यात त्याने सगळं सांगून टाकलं होतं. पण आंघोळीच्या गाण्याचे शब्द कोण ऐकतो?

मोऱ्या भरल्या. चाळीस स्टोव्ह विझले. लोक एकमेकांच्या जवळ उभे राहून बोलू लागले. आक्काला वाटलं, जमलं.

पंचविसाव्या दिवशी शिंपीणबाई तिच्या खिडकीत आल्या आणि एक पांढरा सदरा पसरला. पाठीवर काळा डाग.

"हे काय आहे?"

"डाग," आक्का म्हणाली.

"काजळी. हात वर करायला लावलेत, आणि चोरून बंब पेटवता? हवा काय तुमच्या एकट्याची आहे?"

"बाई, ती वाफ आहे."

"वाफ काळी असते का?"

मग मास्तर आले, तोंडाला रुमाल धरून. दोन दिवसांपासून धुराने घसा धरलाय म्हणाले, आणि पुराव्यादाखल खोकले. त्यांच्यामागून आणखी दोघेतिघे खोकले. गल्लीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, बंब पेटवला हे फार उत्तम, पाणी फर्मास आहे. दुसऱ्याचं, बंब पेटवला हा विश्वासघात. पण बंब पेटला आहे याबद्दल दोन्ही तटांत जराही मतभेद नव्हता.

आक्का हसण्यावारी नेणार होती. पण तिची नजर परत डागावर गेली. तो खरोखरच काळा होता, बोटाला लागत होता. आणि मग तिला एकेक आठवायला लागलं. झडप ओढायचं काम सकाळचं, मग भाऊ दिवसातून तीन-तीनदा त्या खोलीत कशाला उतरतो? वर येतो तेव्हा हातांना, कोपरांना काळं का असतं? विचारलं तर "काही नाही, आपलं बघून आलो" म्हणताना दुसरीकडे का बघतो? त्याचा जुना कामाचा कोट खुंटीवरून गेला होता. एकतीस वर्षांची सवय. आवडीचं माणूस लपून भेटावं तसा तो बंबाला भेटत असेल. मूठभर कोळसा, थोडी ऊब, दोन ओळी गाणं.

सात पायऱ्या होत्या. उतरून बघायला कितीसा वेळ लागतो? आक्का पाच दिवस उतरली नाही. बघितलं आणि खरं निघालं तर काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं. ती फक्त रोज सकाळी भिंतीला कान लावायची आणि शांततेत कुठे बारीकशी चीर पडलीय का ते ऐकायची.

शेवटच्या दिवशी सकाळी यंत्रवाली आली, सोबत ढकलगाडी. उत्तर काहीही आलं तरी तयारी असावी म्हणून. तिच्या मागोमाग शिंपीणबाई, एका हातात सदरा, दुसऱ्या हातात धगधगती इस्त्री. त्यांच्यामागे दुसरा तट. गलका ऐकून पहिला तट मोऱ्यांतून बाहेर आला, टॉवेल गुंडाळून, ठिबकत.

"आम्हाला बंब बघायचाय," शिंपीणबाई म्हणाल्या.

भाऊ पायरीच्या तोंडाशी उभा होता. "आज नको," तो म्हणाला. "उद्या या."

"का? आज गरम आहे का?"

"आज... झोपलेत."

"कोण झोपलेत?"

भाऊने दोन्ही हात आडवे धरले. आक्का खिडकीतून उठून आली. चेहऱ्याचा रंग उडालेला. "बाजूला हो, भाऊ," ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी तीच उतरली.

सात पायऱ्या आणि सगळी गल्ली. बंबाच्या खोलीत इतकी माणसं एकतीस वर्षांत आली नव्हती. कोपर कुणाचं, टॉवेल कुणाचा, काही कळत नव्हतं. आक्काने बंबाच्या लोखंडी दारावर हात ठेवला. दार गार होतं. तरी तिने डोळे मिटले, आणि ओढलं.

आत भाऊचा जुना कोट होता. कोटावर सुताराची करडी मांजर आडवी. मांजरीच्या पोटाशी चार पिल्लं, काजळीत लोळून कोळशासारखी झालेली. एकाने मान वर करून गल्लीकडे बघितलं आणि जांभई दिली.

मग शिंपीणबाई म्हणाल्या, "मांजर आहे म्हणून काय झालं?"

मास्तर उकिडवे बसले. एका गालाला साबण होता. त्यांनी पिल्लू उचललं, उजेडात धरलं, तपासलं. विज्ञान शेवटी कामाला आलं. "डोळे पूर्ण उघडलेत. कान उभे. चालायला बघतंय. तीन आठवड्यांचं तर नक्की." मग शिंपीणबाईंकडे वळून, "बाई, ही मांजर पेटत्या बंबात तीन आठवडे संसार करत होती, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"राखेचं दार उघडं राहिलं होतं," भाऊ खाली बघत म्हणाला. "तिथून शिरली. आक्काला सांगितलं असतं तर म्हणाली असती, हलव. इतक्या लहान लेकरांना कुठे हलवू? मी आपला दूध देऊन यायचो."

"मग वर जातंय ते?" कुणीतरी विचारलं.

"तुमच्याच आंघोळीची वाफ," यंत्रवाली म्हणाली. "पहिल्या दिवसापासून पाणी यंत्राचंच आहे. बेचाळीस."

आम्ही पायांकडे बघायला लागलो. मास्तरांनी पिल्लू हळूच कोटावर ठेवलं. "म्हणजे मी आठवडाभर जो खोकतोय..."

"तो तुमचा तुम्ही," आक्का म्हणाली.

"आणि हे?" शिंपीणबाईंनी सदरा झेंड्यासारखा वर धरला. "हे मांजरीने केलं का?"

यंत्रवालीने सदरा त्यांच्या हातातून घेतला, बंबाच्या कट्ट्यावर पसरला. डाग रुंद सुरू होऊन एका टोकाला निमुळता होत गेला होता. तिने डागाकडे बघितलं, बाईंच्या हाताकडे बघितलं, इस्त्री मागून घेतली आणि डागावर अलगद अर्धं बोट वर धरली. जणू डाग तिच्या मापाने शिवला होता. इस्त्रीच्या भोकांतून काजळीचा एक कण निघाला, सगळ्यांच्या देखत तरंगत खाली आला आणि सदऱ्यावर बसला.

शिंपीणबाई म्हणाल्या, "घडी मात्र हिचीच बसते."

आणि भाऊ हसला.

त्याने आवरायचा प्रयत्न केला, तोंडावर हात ठेवला, पण ते बोटांतून सांडलं. आम्ही सगळे थिजलो. आक्काचा हात आपोआप त्याच्या पाठीकडे गेला आणि हवेतच थांबला. हसू चढत गेलं. मध्यावर आलं, जिथे ते नेहमी फाटायचं तिथे. मास्तरांनी डोळे मिटले. हसू तिथून पुढे गेलं. भाऊने चकित होऊन आक्काकडे बघितलं, आपण अनोळखी गावात शिरलोय अशा नजरेने, आणि तरीही हसत राहिला. शेवटी घुंगरं एकेक करून थांबली. आम्ही खोकल्याची वाट बघत उभे राहिलो, टॉवेल धरून. मांजरीने एक कान हलवला. खोकला आला नाही.

"पोरी," आक्का म्हणाली, "ती गाडी रिकामीच ने."

लोक मुकाट्याने पायऱ्या चढू लागले. मास्तर सगळ्यांत शेवटी. वरच्या पायरीवरून ते वळले. "आक्का, एक विनंती. धूर तेवढा बंद करू नका. पाण्याला त्याने जरा..."

"तो धूर नाहीये, मास्तर."

"ठाऊक आहे हो. तरी."

तो आजही निघतो. शिंपीणबाई तो दिसला की वाळत घातलेले कपडे आत घेतात. तोट्यांतून गाणं येतं, नवीन:

नीज रे नीज, लोखंडी बाळा,
तुझिया पोटी मांजरांचा मेळा.

त्या दिवशी मात्र आक्काने खिडकी बंद केली. अंगणात पेटीसमोर दोन स्टुलं टाकली, एकावर भाऊला बसवलं, दुसऱ्यावर स्वतः बसली, आणि एकतीस वर्षांचे साठवलेले शेवट सांगायला घेतले. अडचण एवढीच झाली की तिला शेवट सगळे पाठ होते, सुरुवात एकाचीही आठवेना.

"'मग न्हावी म्हणाला, दुसरा कान उद्या,'" ती म्हणाली. "हे कशाचं असेल रे?"

"थांब," भाऊ म्हणाला. सुरुवाती सगळ्या त्याच्याकडे होत्या.